ताईचे तीन तास

भिंतीला पेला लावून ऐकलं तर पलीकडचं बोलणं कळत नाही, फक्त हसणं कळतं. सात महिन्यांच्या अभ्यासानंतर निरीक्षक हे छातीठोकपणे सांगू शकत होते. त्यांनी स्टीलचा पेला लावून पाहिला, काचेचा पाहिला, जाड बुडाचा पितळी पाहिला. पितळीतून हसू सगळ्यात गोड ऐकू यायचं, म्हणून तो त्यांनी वरच्या फळीवर टाकून दिला.

पलीकडे त्यांची थोरली बहीण राहायची. ताई. ती एकोणऐंशीची, निरीक्षक शहात्तरचे. दोघांचेही जोडीदार गेलेले, दोघांचीही मुलं लांबच्या शहरात, फोनवर "जेवलात का" विचारून सुटणारी. इमारत म्हाताऱ्यांसाठीच बांधलेली आणि भाड्याची होती. जिन्याला दोन्हीकडून कठडा, प्रत्येक न्हाणीत ओढायला लाल दोरी, आणि प्रत्येक घरी रोज येणारी मदतनीस बाई. ती किती वेळ येणार हे मात्र गुणांवर ठरायचं.

गुणांचं असं होतं की माणसाला जितकं कमी जमेल तितके जास्त. शर्टाची बटणं लागत नाहीत, आठ गुण. जिना चढवत नाही, सहा. वीस गुणांपर्यंत बाई एक तास, चाळीसपर्यंत दोन, साठपर्यंत तीन. साठच्या वर गेलं की प्रश्नच मिटला: घर परत घ्यायचं आणि माणसाला गावाबाहेरच्या काळजी-निवासात न्यायचं. तिथे एका खोलीत सहा खाटा आणि माणशी अर्धं कपाट.

निरीक्षकांना अठरा गुण होते. ताईला सेहेचाळीस.

"लहानपणापासून हेच आहे," निरीक्षक म्हणायचे. "तिला जास्त."

निरीक्षकांनी चौतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली होती. ते बाजारात शिरले की पहिला दुकानदार खोकायचा, ते ऐकून दुसरा खोकायचा, आणि ते तिसऱ्यापाशी पोचेपर्यंत सगळ्या बाजाराला सर्दी झालेली असायची. स्वतःच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याचा काटा जप्त केला होता. पाहुणे दोन तास उपाशी बसले. त्यानंतरही बायकोने एकेचाळीस वर्षं संसार केला, हा तिचा मोठेपणा. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना स्टॉपवॉच दिलं. त्या स्टॉपवॉचवर ते आता ताईकडचं हसणं मोजत. सोमवारी नऊ मिनिटं. मंगळवारी अकरा मिनिटं चाळीस सेकंद. बुधवारी मध्येच टाळ्या वाजल्या, तेव्हा त्यांनी वहीत टाळ्यांचा वेगळा रकाना आखला.

त्यांच्या स्वतःच्या तासाला एवढे रकाने लागत नव्हते. बाई नऊला यायची. ब्लडप्रेशर, गोळ्यांचा डबा, अंघोळ होईस्तोवर दाराबाहेर उभं राहणं, चादर, केर. नऊ छप्पन्नला ती पिशवी उचलायची. तिने बसावं म्हणून निरीक्षकांनी एका खुर्चीवर नवी उशी आणून ठेवली होती. उशीवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं.

"बसा की दोन मिनिटं."

"बसायला वेळ कुठाय काका? मावशी वाट बघत असतील."

काका. काका रस्त्यावरचं कुणीही कुणालाही म्हणतं, पत्ता विचारायला. मावशी म्हणायला जरा ओळख लागते. तीच बाई, तीच पिशवी, तोच निळा एप्रन. पण नऊ ते दहा तिच्या तोंडाला कुलूप, आणि दहाला भिंतीपलीकडे गेली की खो-खो. निरीक्षकांच्या मते हा उघड उघड मापात मारण्याचा प्रकार होता.

शेवटी एकदा त्यांनी ताईला गॅलरीत गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसायचं नाही, त्यामुळे ती चिमटे अंदाजाने लावायची. एक चिमटा तिच्या स्वतःच्या बाहीला लागला होता.

"काय एवढं हसता गं रोज?"

"कोण?"

"तू आणि ती."

"हसतो असंच."

"असंच अकरा मिनिटं?"

"तू मोजतोस?" ताईने वळून बघितलं, म्हणजे आवाजाच्या दिशेने. "धाकट्या, लाज वाटते का जरा? शहात्तर वर्षांचा घोडा झालास."

"आपोआप ऐकू येतं. भिंत पातळ आहे."

"तुला? परवा मी तुझी घंटा वाजवून वाजवून थकले, तर तू म्हणालास वीज गेली असेल."

"विषय बदलू नकोस. पत्ते खेळता का?"

ताईने हातातला चिमटा चाचपत दोरीला लावला. मग म्हणाली, "हो. पत्ते खेळतो." आणि बाहीला चिमटा तसाच ठेवून आत निघून गेली.

पत्ते! निरीक्षकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांना पत्ते आवडत नव्हते, पण न विचारलेलं सहन होत नव्हतं.

तपासणी दर दोन वर्षांनी व्हायची आणि त्यांची पंधरा दिवसांवर आली होती. मागच्या तपासणीचा कागद त्यांनी जपून ठेवलेला होता, कारण त्यांनी आयुष्यात एकही कागद टाकला नव्हता. तो टेबलावर पसरून ते हिशेबाला बसले. ताईपेक्षा एक जास्त, म्हणजे सत्तेचाळीस हवेत. सत्तेचाळीसला तीन तास मिळतात आणि साठची रेघ चांगली तेरा गुण लांब राहते. अठरा आहेतच. एकोणतीस मिळवायचे. बटणं आठ, चहा करता न येणं सात, जिना सहा, तारीख न सांगता येणं आठ. बरोबर एकोणतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. इतकं स्वच्छ माप त्यांनी नोकरीतही क्वचित पाहिलं होतं.

मग तालीम सुरू झाली. बटणं न लावता येणं हे लावण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. बोटं चुकून लावूनच टाकायची. निरीक्षक आरशासमोर उभे राहून स्वतःवर ओरडायचे, "हळू! काय घाई आहे?" जिन्यावर ते तिसऱ्या पायरीला धापा टाकायला शिकले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिंपिणीने त्यांना पाणी आणून दिलं तेव्हा तालमीत व्यत्यय आणल्याबद्दल ते तिच्यावर खेकसले.

तपासणीला एक तरुण मुलगी आली. हातात टॅबलेट, पायात आवाज न करणारे बूट. आत येताच ती म्हणाली, "चार मिनिटं घंटा वाजवतेय मी."

"वीज गेली असेल," निरीक्षक म्हणाले. डोक्यावर पंखा फिरत होता. मुलीने पंख्याकडे बघितलं आणि काहीतरी टिपलं.

बटणांचा प्रवेश उत्तम रंगला. एक बटण त्यांनी शेजारच्या काजात घातलं, दुसरं खिशात घालायचा प्रयत्न केला. चहाला भांडं गॅसवर ठेवून पाणी घालायचं ते विसरले, मुद्दाम. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांनी इतक्या सुंदर धापा टाकल्या की मुलीने त्यांचा हात धरला. आज तारीख काय, तर त्यांनी नोकरीच्या शेवटच्या दिवसाची सांगितली आणि वर म्हणाले, "उद्यापासून येणार नाही मी ऑफिसला." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. निरीक्षकांना वाटलं, आता पुरे, एकोणतीस झाले. उरलेलं सगळं आपण फटाफट करून दाखवू.

"हाताची घडी घाला आणि खुर्चीतून उठा," मुलगी म्हणाली.

हे तर सोपं. निरीक्षकांनी घडी घातली आणि उठले. म्हणजे मनाने उठले. बूड खुर्चीलाच राहिलं.

"थांबा हां. पुन्हा करतो."

पुन्हाही खुर्ची सोडेना. तिसऱ्यांदा ते इतक्या जोराने झुकले की मुलीने पुढे होऊन त्यांना खांद्याला धरून सावरलं. निरीक्षकांना नवल वाटलं. रोज तर आपण उठतो. मग लक्षात आलं की रोज आपण हातांनी टेबल धरतो, आणि ते केव्हापासून, ते काही आठवेना.

"असू दे आजोबा. मघाशी तीन शब्द सांगितले होते, ते सांगता?"

हेही सोपं. "किल्ली," निरीक्षक ठामपणे म्हणाले. "कुलूप. दार."

मुलगी थांबली. "किल्ली, नदी, टोपी," ती हळूच म्हणाली.

"नदी कुठे म्हणालात तुम्ही?"

नवव्या दिवशी पत्र आलं. त्रेसष्ट.

निरीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सत्तेचाळीस त्यांचे स्वतःचे, मेहनतीचे. वरचे सोळा कुठले? खुर्ची पाच, घंटा चार, शब्द सात. चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक दुकानात पहिली गोष्ट काय केली असेल, तर काहीही तोलण्याआधी रिकामी तागडी उचलून बघितली. रिकामा काटा मधोमध थांबला नाही तर त्यात पासंग आहे म्हणायचं आणि पावती फाडायची. कुणी पारड्याखाली मेण चिकटवायचं, कुणी च्युइंगगम. आणि स्वतःला तोलायला बसले, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा काटा खरा धरून बसले. नुसते गेले असते, काही नाटक न करता, तर चौतीस मिळाले असते. बाई दोन तास आली असती. उशीवर बसलीही असती एखादे वेळी.

पत्रात खाली लिहिलं होतं, घर तीस दिवसांत रिकामे करावे.

दुसऱ्या दिवशी ते सेवा कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाला त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं. बटणं लावून दाखवली, काढून दाखवली, पुन्हा लावून दाखवली.

"म्हणजे तुमचं म्हणणं, तुम्ही नाटक केलं," कारकून म्हणाला.

"हो."

"तुम्हाला काही झालेलं नाही."

"तसं काही नाही."

कारकुनाने मान हलवली आणि टाइप करायला घेतलं. "काका, माझ्याकडे रोज सहा जण येतात. सगळे म्हणतात नाटक होतं. कालच एक गृहस्थ म्हणाले, पाय मोडल्याचंही नाटक होतं. प्लॅस्टर होतं त्यांना."

"पण माझं खरंच नाटक होतं!"

"'स्वतःच्या स्थितीची जाणीव नसणे,'" कारकून टाइप करता करता पुटपुटला. "पाच गुण. अडुसष्ट झाले."

निरीक्षक आणखी काही बोलणार होते, पण सत्तरी गाठली जाईल म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. ताईकडे हसणं चालू होतं. अशा दिवशीसुद्धा हसतात. आपण तीस दिवसांत गावाबाहेर जाणार, अर्ध्या कपाटात शर्ट कोंबणार, आणि ह्यांचे पत्ते चालू! निरीक्षकांच्या डोक्यात सणक गेली. ताईच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, अडीअडचणीसाठी. ही अडचणच होती. ते दार उघडून सरळ आत गेले.

टेबलावर पत्ते होते खरे. पण त्यांवर राजा-राणी नव्हते. जाड कागदाचे चौकोन होते, ताईला दिसावं म्हणून हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेले. 'आज वार कोणता?' 'मजला कितवा?' 'मुलाचं नाव?' मदतनीस बाई एक कागद वर धरून बसली होती. बसली होती.

"मजला कितवा, मावशी?"

"चौदावा," ताई म्हणाली.

"इमारत चार मजल्यांची आहे."

"मग वरचे दहा कुठे गेले?" ताई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. ताईच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बाईला दारात उभे असलेले निरीक्षक दिसले आणि तिचं हसू जागच्या जागी विझलं.

"काका, कुठे बोलू नका," ती म्हणाली. "पाया पडते. पुढच्या महिन्यात मावशींची तपासणी आहे. मागच्या वेळी निभावलं. आता सगळं खरं लावलं तर साठच्या किती वर जातील, मी मोजतच नाही. म्हणून रोज सराव घेते. रडत घेतला तर त्या घाबरतात, आणि मग जे येतं तेही येत नाही. हसत घेतला तर चारातला एक बरोबर येतो. तेव्हा टाळ्या वाजवतो."

निरीक्षक खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. ताई टेलिफोन एक्स्चेंजला होती. अख्ख्या शहराचे नंबर तिला पाठ असायचे, लोक डिरेक्टरी उघडण्याऐवजी तिला विचारायचे. लहानपणी त्यांना त्याचाही राग यायचा.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं तरी."

"मला का नाही सांगितलंस?" हे त्यांनी ताईला विचारलं.

"तुला सांगितलं की तू मोजायला बसतोस," ताई म्हणाली. "मग सगळं कमीच भरतं."

त्यांना खरं तर कणव यायला हवी होती, आणि तशी ती आलीही. पण ती येता येता वाटेत आधी दुसरंच येऊन बसलं: हिला शिकवायला कुणीतरी आहे. मी शब्द विसरलो तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. स्वतःचीच त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी खिशातलं पत्र काढून टेबलावर टाकलं आणि सगळं सांगून टाकलं, पेल्यासकट.

ताई पत्र नाकाशी धरून वाचत राहिली. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा एक जास्त मिळावा म्हणून?"

"एकच," निरीक्षक म्हणाले.

"आणि मिळाले सतरा जास्त. तुझं नेहमी असंच. घेतोस तेव्हा हावरटासारखं."

वाट बाईनेच काढली. नियमांची तिला कारकुनापेक्षा जास्त माहिती होती, कारण ती रोज त्या नियमांच्या घरांतून केर काढत होती. एका दाराआड दोन माणसं राहत असली तर तपासणी नव्याने आणि एकत्र होते. प्रत्येक प्रश्नाला दोघांपैकी एकाला जमलं की पुरे. "मावशी हात न लावता उठतात," बाई म्हणाली, "मुंगी चालली तरी त्यांना ऐकू येते. तुम्हाला दिसतं, तारीख येते, चहा येतो. दोघांचं मिळून एक माणूस होतं, काका. अगदी धडधाकट नाही, पण चालण्यासारखं."

"मग ही माझ्याकडे राहायला येईल," निरीक्षक तत्काळ म्हणाले. त्यांच्याकडे सकाळचं ऊन यायचं. त्यांच्याकडे पितळी वजनांचा संच होता, पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंत, कपाटात उतरत्या क्रमाने लावलेला. आणि बाईचे सगळे तास त्यांच्या घरात झाले असते.

ताई दुपारभर येऊन बघू म्हणाली. आली, खुर्चीत बसली, उशीचं प्लॅस्टिक बोटांनी चाचपून म्हणाली, "हे काय, अजून गुंडाळलेलंच?" तासाभराने ती न्हाणीत जायला उठली, डावीकडे सात पावलं गेली, आणि वजनांच्या कपाटात शिरली.

ही इमारत बांधणाऱ्याने शेजारशेजारची घरं एकमेकांच्या उलट काढलेली होती. ताईकडे जे डावीकडे, ते इकडे उजवीकडे. ताईला तिचं घर डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि डोक्यातही राहत नव्हतं. ते तिच्या पावलांत होतं: सात पावलांवर न्हाणी, हात वर केला की बटण, वळलं की खाट. निरीक्षकांनी तिला धरून उजवीकडून चारदा नेलं. पाचव्यांदा ती पुन्हा डावीकडे गेली, आणि पाच किलोचं वजन तिच्या पायापासून बोटभर अंतरावर पडलं.

कपाटाला टेकून ती उभी राहिली. "धाकट्या, मला घरी सोड," ती म्हणाली. "इथे सगळं आहे, पण उलटं आहे."

निरीक्षकांनी वजन उचलून जागेवर ठेवायला हात पुढे केला. वाकवेना. ते तसंच जमिनीवर राहिलं. त्यांनी ताईला तिच्या घरी सोडलं आणि परत येऊन आपल्या घरात एक चक्कर मारली. मारायला तीस-चाळीस पावलंच लागतात. बायको गेल्यावर ते इथे आले होते. इथे कुणीच कधी बसलं नव्हतं. तरी दुसऱ्या कुणाला द्यायचं म्हटल्यावर ते घराला मनातल्या मनात म्हणाले, आता कुणीतरी येऊन बसेल, तुला बरं वाटत असेल.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी घर सोडल्याचा अर्ज दिला आणि सामान भिंतीपलीकडे नेलं. तिसऱ्या दिवशी एक नवी भाडेकरीण घर बघायला आली, निवृत्त नर्स, उंच आणि दणकट. ती खिडकीच्या पडद्याचं माप घेत होती. निरीक्षक गॅलरीतून बघत होते. टेप मधे लोंबत होता. पडदा चार बोटं लांब होणार हे त्यांना तिथूनच दिसत होतं. त्यांनी सांगितलं नाही.

ताईकडे पहिले दहा दिवस तेच कपाटांवर आदळत होते. ताईला भलताच आनंद व्हायचा. "इकडे नाही रे," ती म्हणायची, "डावीकडे. आंधळा आहेस का?" ती चोवीस तासांत चाळीसदा त्यांना वार विचारायची. ते सांगायचे. एकदा चिडून त्यांनी मुद्दाम चुकीचा सांगितला, तर तिने त्यावर विश्वास ठेवला, आणि मग ते दिवसभर अस्वस्थ राहिले.

एकत्र तपासणीला तीच मुलगी आली. घंटा वाजताच ताईने दार उघडलं. मुलीने ते टिपलं. ताई हाताची घडी घालून खुर्चीतून उठली, एवढ्या झोकात, की निरीक्षकांनी तोंड फिरवलं. त्यांनी चहा केला, पाणी घालून. तारीख सांगितली, वार सांगितला. तीन शब्द दोघांनाही आले नाहीत. ताईने एक सांगितला आणि तोही मुलीने दिलेल्यांपैकी नव्हता. मदतनीस बाई भिंतीला टेकून उभी होती, आणि ओठ न हलवता उत्तरं म्हणत होती.

"हे घर कुणाचं?" मुलीने ताईला विचारलं.

हा प्रश्न बाईने महिनाभर घोटून घेतला होता. उत्तर एकाच शब्दाचं होतं: माझं.

"ह्याचं," ताई म्हणाली. "धाकट्याचं. मी ह्याच्याकडे राहते."

बाईने डोळे मिटले.

"आणि तुम्ही काय म्हणाल, आजोबा?"

दोघांपैकी एकाचं बरोबर यायला हवं होतं. "तिचं," निरीक्षक म्हणाले.

"ऐकू नका त्याचं," ताई मुलीकडे झुकली. "घर त्याचंच आहे. मागायला लाजतो तो, आणि मग आतल्या आत जळत बसतो. लहानपणापासून तसाच आहे."

"ताई, भाडेकरार तुझ्या नावावर आहे."

"असेल. पण दिलं ना मी तुला. केव्हाच दिलं."

निरीक्षक तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती विसरली होती की खरंच देत होती, हे सांगणारा काटा त्यांच्या खात्यात कधी आलाच नव्हता. त्यांना सगळं आठवत होतं, प्रत्येक वाटी, प्रत्येक तास, कुणाला किती, आणि त्या सगळ्या आठवणींत त्यांनी तिला काही दिल्याची एकही नोंद नव्हती. इथेही हिने पुढे जावं!

मुलीने बोटाने टॅबलेटवर बरंच वर-खाली केलं. "एकवीस," ती म्हणाली. "इथेच राहा दोघं. मदत रोज दोन तास."

बाईने भिंतीला टेकलेली पाठ सोडली आणि मोठ्याने श्वास टाकला.

"म्हणजे प्रत्येकी एक," निरीक्षक म्हणाले. सवय होती.

"प्रत्येकी नाही. एका घराला दोन. वाटून तुमचं तुम्ही घ्या."

"माझा तास ह्याला द्या," ताई म्हणाली.

"मला नको!"

"घे रे."

"नको म्हटलं ना! माझाच तू घे."

"तुझा कशाला? माझे तीन आहेत की."

बाईने निरीक्षकांकडे बघितलं, मुलीने टॅबलेटकडे.

"हो," निरीक्षक म्हणाले. "तिचे तीन आहेत. लिहून घ्या हवं तर."

मुलीने ते लिहिलं नाही. तिने सहीसाठी टॅबलेट आणि काडी पुढे केली. ताईने काडी घेतली आणि खाली न बघता, एका दमात, एक्स्चेंजमधली जुनी लफ्फेदार सही केली, शेवटच्या वेलांटीसकट. निरीक्षकांनी तिच्याखाली आपली केली. मग दोन्ही सह्या त्यांनी चष्मा वर करून नीट बघितल्या. तिची चांगली आली होती.